सोन्याचांदीला ताकद कशी द्यावी: हीण, ताव आणि विझवणी

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या पट्ट्यातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. गलाई म्हणजे जुन्या सोन्यातून हीण काढून ते शुद्ध करण्याचे काम, आणि त्यात आपल्या माणसांचा हात धरणारे फार थोडे आहेत. त्याच सोन्यात ठरवून हीण घालण्याच्या कामाला मात्र तितका मान मिळत नाही. शुद्ध सोन्यात तांबे-चांदी टाकून ते ठरलेल्या कसावर (शुद्धतेवर) आणले की काम संपले, अशी समजूत अनेक कारखान्यांत आढळते. प्रत्यक्षात कोणते हीण, किती, कोणत्या क्रमाने घातले आणि नंतर त्या धातूला ताव देऊन (तापवून मऊ करून) तो कसा थंड केला, यावर दागिन्याचे आयुष्य ठरते. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात दुरुस्तीला येणारे दागिने पाहिले, तर तुटलेली कडी, घासून रुंद झालेली फिरकी आणि वाकलेली नथीची तार यांचेच प्रमाण मोठे दिसते. कस बरोबर असूनही हे भाग निकामी होतात, कारण कस आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा लेख छोट्या कारखान्यातील कारागिरांसाठी आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे.

सोने मऊ का असते

धातूचा कडकपणा मोजण्याच्या व्हिकर्स पद्धतीत हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने धातूत दाबतात आणि उमटलेल्या खड्ड्याच्या मापावरून आकडा काढतात. ताव देऊन मऊ केलेल्या शुद्ध सोन्याचा हा आकडा २५ च्या आसपास येतो, म्हणजे सोने फार मऊ असते. सोन्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून त्याचा वर्ख होतो आणि केसासारखी तारही निघते. पण त्याच गुणामुळे शुद्ध सोन्याची कडी ओढली की उघडते.

या थरांच्या सरकण्यात अडथळा निर्माण करणे, हेच हीण घालण्याचे ताकदीच्या दृष्टीने खरे काम होय. सोन्याच्या जागी वेगळ्या आकाराचा अणू बसला की आजूबाजूच्या रांगा किंचित वाकतात आणि थर अडखळतात. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याच्याच आकाराचा आहे, त्यामुळे चांदी घातल्याने सोन्याचा रंग फिका होतो, पण ताकद फारशी वाढत नाही. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी लहान आहे, म्हणून तितक्याच वजनाचे तांबे कितीतरी जास्त ताकद देते. २२ कॅरेट सोन्यात साडेपाच टक्के चांदी आणि २.८ टक्के तांबे असेल, तर मऊ अवस्थेतील कडकपणा ५० च्या आसपास राहतो. तेच प्रमाण बदलून चांदी ३.२ आणि तांबे ५.१ टक्के केले की तो ७० च्या घरात जातो. कस तोच, दरही तोच. बदलले ते फक्त हिणाचे प्रमाण.

आधी भागाचे काम ठरवावे, मग हीण

संपूर्ण दागिना एकाच मिश्रणाचा असावा, असा नियम नाही. कस तेवढा सर्वत्र सारखा राहिला पाहिजे. ठुशीचे मणी, बोरमाळेचे बोर किंवा मंगळसूत्राच्या वाट्या यांवर फारसा ताण येत नाही आणि त्यांना खोलगट आकार द्यायचा असल्यामुळे धातू मऊच हवा; तेथे चांदी जास्त आणि तांबे कमी ठेवावे. नथीची तार, फासा, कडी, कानातल्याची दांडी, फिरकी आणि बांगडीची कळ हे भाग मात्र रोज ओढले, पिळले आणि घासले जातात. तेथे त्याच कसात तांब्याचे प्रमाण जास्त ठेवलेले मिश्रण वापरावे. रंगात थोडा लालसरपणा येतो, परंतु हे भाग मागच्या बाजूला असतात आणि ग्राहकाला तसे आधी सांगितले तर तक्रार येत नाही. पाटल्या आणि तोडे यांना मधले प्रमाण चालते.

यासाठी कारखान्यात एकाच कसाची दोन मिश्रणे तयार ठेवावीत, एक मऊ कामाचे आणि एक ताणाच्या कामाचे. दोन्हींच्या तुकड्यांवर वेगळी खूण करावी, कारण एकदा पत्रा झाल्यावर रंगावरून ओळखण्यात चूक होते.

वजनाचा हिशेब

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. हातातील सोन्याच्या वजनाला त्याच्या शुद्धतेने गुणावे आणि हव्या असलेल्या शुद्धतेने भागावे; येईल ते मिश्रणाचे एकूण वजन, आणि त्यातून मूळ वजन वजा केले की घालायचे हीण मिळते. भारतीय मानकात सोन्याच्या कसाला खालच्या बाजूने सूट नाही, त्यामुळे ९१६ चा (हजारात ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट) दागिना करताना ९१८ धरून हिशेब करणे शहाणपणाचे ठरते. समजा, ९९५ शुद्धतेचे १०० ग्रॅम सोने आहे. त्यात ९९.५ ग्रॅम शुद्ध सोने आहे, त्याला ०.९१८ ने भागले की १०८.३९ ग्रॅम येतात, म्हणजे ८.३९ ग्रॅम हीण घालावे लागेल. ताणाच्या कामासाठी त्यातील ५.०३ ग्रॅम तांबे आणि ३.३६ ग्रॅम चांदी घ्यावी. मऊ कामासाठी चांदी ५.५९ आणि तांबे २.८० ग्रॅम घ्यावे.

जुने सोने वर आणायचे असेल तर हिशेब उलटा होतो. ९०० टंचाचे (तपासणीत निघालेल्या शुद्धतेचे) ५० ग्रॅम सोने ९१८ वर आणण्यासाठी ९९९ चे ११.११ ग्रॅम सोने घालावे लागते. मात्र जुन्या सोन्यातील उरलेले १०० भाग नेमके कशाचे आहेत, हे टंचाच्या आकड्यावरून कळत नाही. ते तांबे-चांदी असेल तर हरकत नाही. त्यात झाळाचे (तुकडे जोडायला वितळवून लावलेल्या धातूचे) जस्त, कॅडमियम किंवा शिसे असेल तर नवे मिश्रण सुरुवातीपासूनच बिघडलेले असते. म्हणून ताणाच्या भागांसाठी जुने सोने थेट न वापरता आधी गलाई करून शुद्ध करून घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. गलाईचा खर्च आणि घट धरूनही ते परवडते.

घालायचे तांबेही तपासून घ्यावे. घरातील जुन्या भांड्यांचे तांबे अजिबात वापरू नये, कारण त्यांना कल्हई केलेली असते आणि कल्हई म्हणजे कथील. सोन्याशी कथलाचे होणारे संयुग ठिसूळ असते. विजेच्या जुन्या तारांच्या टोकांना शिसे-कथलाची झाळ असते, त्यामुळे तीही बाद समजावीत. बाजारात मिळणारे किमान ९९.९ टक्के शुद्ध तांबे आणावे, ते घासून, आम्लाच्या पाण्यात उजळून, धुऊन, कोरडे करून मगच तोलावे.

आटणी

सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ ला आणि चांदी ९६२ ला. एकत्र आल्यावर हे धातू एकमेकांत विरघळतात, त्यामुळे तांब्यासाठी वेगळी जास्त आच लागत नाही. २२ कॅरेटचे मिश्रण १००० अंशांच्या आसपासच पूर्ण पातळ होते. खरी काळजी तांबे जळू न देण्याची घ्यायची असते. मुशीच्या (धातू वितळवायच्या भांड्याच्या) तळाशी थोडे सोने, मधे तांब्याचे बारीक तुकडे आणि चांदी, आणि वर उरलेले सोने अशी रचना केली की तांब्याला हवा कमी लागते. वर चिमूटभर सवागी (टाकणखार) आणि झाकणापुरता कोळशाचा चुरा टाकावा. सगळे पातळ झाल्यावर ग्रॅफाइटच्या कांडीने तळापासून ढवळावे, कारण सोने जड असल्यामुळे न ढवळलेल्या मुशीत वरचा आणि खालचा भाग वेगळ्या कसाचा निघू शकतो. लोखंडी सळईने ढवळू नये.

रस वितळणबिंदूच्या वर साधारण १०० अंशांपर्यंत तापवून, आधी गरम करून तेलाचा हलका हात दिलेल्या साच्यात एका संथ धारेने ओतावा. थंड साच्यात ओतलेल्या पाशाच्या (कांबेच्या) पोटात वायूच्या पोकळ्या राहतात आणि त्या पुढे पत्रा काढताना फोड म्हणून वर येतात.

काही कारागीर ओतण्यापूर्वी थोडे जस्त टाकतात. ओतकामाच्या मिश्रणात एक-दोन टक्के जस्त उपयोगी ठरते, कारण ते तांब्याशी जोडलेला ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेते आणि रस साच्यात नीट पसरतो. पण जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे सोन्याच्या रसात पडताच त्याचा धूर होऊ लागतो. ते चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, आच कमी करून, शेवटच्या क्षणी रसाच्या खाली दाबावे, आणि उडून जाणारा भाग हिशेबात धरावा. सिलिकॉन घातलेल्या तयार मिश्रधातूंनी ओतीव माल चकचकीत निघतो. मात्र सोन्याचा कस जितका जास्त, तितके सिलिकॉन कमी सहन होते. सोने आणि सिलिकॉन यांचे मिश्रण अवघ्या ३६३ अंशांना वितळते. सिलिकॉन प्रमाणाबाहेर गेले की ते कणांच्या सीमांवर साचते आणि दागिना ताव देताना किंवा झाळताना तडकतो. १८ किंवा १४ कॅरेटसाठी बनवलेला तयार मिश्रधातू २२ कॅरेटला वापरू नये.

कॅडमियमबद्दल कोणतीही सवलत असू नये. केडीएम नावाने ओळखली जाणारी झाळ सोयीची होती, परंतु कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते आणि त्याचा धूर फुप्फुसांना व मूत्रपिंडांना कायमची इजा करतो. दार-खिडक्या बंद असलेल्या छोट्या खोलीत फुंकणीने काम करणाऱ्या माणसाला हा धूर दिसतही नाही. कॅडमियमविरहित झाळ बाजारात सहज मिळते. तीच वापरावी, आणि मुशीवर धूर ओढून नेणारा पंखा बसवावा.

कण बारीक ठेवणे

थंड होताना धातू लहान-मोठ्या कणांचा बनतो, आणि कण जितके बारीक, तितका तो ताकदवान आणि गुळगुळीत राहतो. मोठ्या कणांचा पत्रा वाकवला की त्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होते. कण बारीक ठेवण्यासाठी इरिडियम, रुथेनियम किंवा कोबाल्ट अतिशय अल्प प्रमाणात घालतात. इरिडियम तर ०.०१ टक्क्याच्या आसपासच पुरते. मात्र इरिडियम २४०० अंशांहून अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे ते थेट मुशीत टाकले तर विरघळत नाही आणि त्याचे कठीण दाणे दागिन्यात तसेच राहतात. ते तांब्यासोबत आधीच मिसळलेल्या तयार मिश्रधातूच्या रूपातच घ्यावे. हे धातू सोन्यात भेसळ म्हणूनही घातले जातात, त्यामुळे तपासणी यंत्रावर त्यांचे नाव दिसले की शंका येते. हॉलमार्किंगला जाणाऱ्या मालात ते वापरण्यापूर्वी तपासणी केंद्राला विचारून घ्यावे. लहान कारखान्यासाठी माझा सल्ला असा की या घटकांच्या मागे न लागता ओतण्याचे तापमान आणि ताव सांभाळावा. बहुतेक वेळा तेवढ्याने कण पुरेसे बारीक राहतात.

ताव आणि विझवणी

येथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पासा रुळात दाबला, तार जंत्रीतून (भोके असलेल्या पट्टीतून) ओढली किंवा पत्रा हातोडीने ठोकला की धातू कडक होत जातो. २२ कॅरेटचे जे मिश्रण मऊ असताना ५० किंवा ७० चे असते, ते चांगले दाबल्यावर १४० च्या आसपास पोहोचते. जाडी निम्म्यावर आली की ताव देऊन ते पुन्हा मऊ करावे लागते, नाहीतर कडा फाटतात. ताव साधारण ६०० ते ६५० अंशांचा, काही मिनिटांपुरता द्यावा. डोळ्यांनी पाहायचे तर अंधाऱ्या कोपऱ्यात धातू मंद तांबडा दिसला की पुरे. उन्हाच्या कवडशात बसून ताव दिला तर तो तांबडेपणा दिसेपर्यंत धातू फार तापलेला असतो आणि कण वाढलेले असतात. तापमान मापक आता फार महाग राहिलेले नाही, तो घ्यावा.

२२ कॅरेटबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. नेहमीच्या तांबे-चांदीच्या मिश्रणात या कसाला नुसत्या उष्णतेने नंतर कडक करता येत नाही, कारण हिणाचे प्रमाण त्यासाठी अपुरे पडते. त्याची ताकद मिश्रणाच्या प्रमाणातून आणि ठोकण्या-ओढण्यातूनच येते. आता नथीच्या तारेचे उदाहरण घेऊ. तार जंत्रीतून ओढून छान कडक झालेली असते. मग कारागीर तिच्या टोकाला मणी झाळतो आणि झाळताना दोन-तीन मिलिमीटरचा भाग तांबडा होऊन पुन्हा पूर्ण मऊ पडतो. तार पुढे नेमकी तेथेच वाकते. यावर उपाय म्हणजे कामाचा क्रम बदलणे. शक्य तेवढे झाळकाम आधी उरकावे, तारेचा शेवटचा ओढा त्यानंतर घ्यावा, आणि ते शक्य नसेल तेथे झाळलेल्या जागेजवळची तार दोन पकडींत धरून थोडी पिळावी किंवा पोलादी ओपणीने दाबून घासावी. पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दागिने काही वेळ फिरवले तरी वरची कातडी बरीच कडक होते. एकदा हे झाले की त्या भागावर पुन्हा आच लावू नये.

१८ कॅरेटची गोष्ट वेगळी आहे आणि ताकदीच्या दृष्टीने जास्त आशादायक आहे. ७५० भाग सोने, १२५ चांदी आणि १२५ तांबे या मिश्रणाचा मऊ अवस्थेतील आकडाच १५० च्या आसपास असतो. ९९९ चे १०० ग्रॅम सोने घेऊन ७५२ धरून हिशेब केला, तर ३२.८५ ग्रॅम हीण लागते, म्हणजे प्रत्येकी सुमारे १६.४ ग्रॅम चांदी आणि तांबे. हे मिश्रण सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून झटकन पाण्यात विझवले की मऊ राहते आणि घडवता येते. दागिना पूर्ण झाल्यावर तोच २८० ते ३०० अंशांच्या भट्टीत सुमारे तासभर ठेवला, तर सोने आणि तांब्याचे अणू आपापल्या ठरावीक जागा घेऊ लागतात आणि कडकपणा २३० च्या आसपास जातो. मात्र ज्याच्या खड्यांना उष्णता सोसत नाही तो दागिना भट्टीत घालू नये; खडे नंतर बसवावेत.

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पोलाद कडक होते; तांबे जास्त असलेल्या सोन्याचे याच्या नेमके उलट आहे, ते पाण्यात विझवल्याने मऊ होते आणि हळूहळू थंड केल्याने कडक व ठिसूळ बनते. सोने-तांब्याची ही अणूंची रचना सुमारे ४१० अंशांच्या खाली बनू लागते, म्हणून तांबूस सोन्याचा पासा साच्यात तसाच निवत ठेवला तर रुळात पहिल्या दाबालाच तडकू शकतो. लालसर १८ कॅरेट ओतल्यावर त्याची तापून आलेली लाली जाण्याच्या आत पाण्यात सोडावे. फिक्या १८ कॅरेटमध्ये, म्हणजे चांदी जास्त आणि तांबे कमी असताना, हा धोका बराच कमी असतो.

पासा तडकला तर

रुळातून जाताना कडेला बारीक भेगा पडल्या तर ताव कमी पडला असेल, आणि पुन्हा ताव देऊन त्या थांबतात. ताव देऊनही भेगा आडव्या पडत राहिल्या आणि मोडलेला भाग पिवळा, तंतुमय न दिसता करडा, दाणेदार दिसला, तर मिश्रणात सोन्याला ठिसूळ करणारा अंश शिरला आहे असे समजावे. यात पहिला संशय शिशाचा. १८८८ साली लंडनच्या टांकसाळीतील विल्यम चँडलर रॉबर्ट्‌स-ऑस्टिन यांनी सोन्यात अवघी ०.२ टक्के वेगवेगळी मूलद्रव्ये घालून त्याची ताकद मोजली होती, आणि शिसे व बिस्मथ यांनी ती किती घसरते हे दाखवून दिले होते. प्रत्यक्ष कामात शिशाचे प्रमाण याहून कितीतरी कमी असले तरी त्रास सुरू होतो, कारण शिशाचे सोन्याशी होणारे संयुग कमी तापमानाला वितळते आणि कणांच्या सीमांवर पातळ थरासारखे पसरते. ज्या ऐरणीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर शिशाची कामे होतात, तेथे सोने ठोकू नये. कानशी आणि झाडलोटीचा कचराही वेगळा ठेवावा.

थोडा अंश असेल तर पासा मातीच्या मुशीत पुन्हा आटवून त्यावर सवागी आणि थोडा सोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकावा. सोऱ्यातील ऑक्सिजनने शिसे, कथील आणि जस्त जळून मळीत जातात. ग्रॅफाइटच्या मुशीत सोरा टाकू नये, तो मूसच खातो. या प्रक्रियेत थोडे तांबेही जळते, त्यामुळे कस किंचित वर सरकतो आणि टंच पुन्हा काढावा लागतो. दोनदा करूनही भेगा राहिल्या तर वेळ न घालवता पूर्ण गलाई करावी.

चांदी

चांदीला ताकद देणारे हीण मुख्यतः तांबेच. ९२५ च्या चांदीत ७५ भाग तांबे असते. ९९९ च्या एक किलो चांदीत ७९ ग्रॅम तांबे घातले की मिश्रण ९२५ च्या किंचित वर बसते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या पैंजणांपासून आपल्याकडच्या जोडव्या-तोड्यांपर्यंत चांदीचे दागिने वेगवेगळ्या कसात होतात, आणि पायात वापरायच्या दागिन्याला थोडे जास्त हीण असणे ताकदीसाठी रास्त आहे. फक्त तो कस ग्राहकाला लेखी सांगितला पाहिजे.

चांदीच्या रसाला ऑक्सिजन पिण्याची खोड आहे. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो बाहेर फेकते. त्यामुळे पाशावर फोड येतात आणि कधी थेंबही उडतात. रसावर कोळशाचा जाड थर ठेवावा आणि तो कोळशासह ओतावा. तांब्यामुळे आणखी एक अडचण येते: ताव देताना ऑक्सिजन आत शिरून पृष्ठभागाखालचे तांबे जळते आणि पॉलिशनंतर जांभळट-करडे डाग दिसतात. ताव देण्यापूर्वी बोरिक आम्लाची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप दिल्यास हे बरेच टळते. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात पीटर जॉन्स यांनी काही तांब्याच्या जागी जर्मेनियम घालून यावर मूलगामी उपाय शोधला; सुमारे एक टक्का जर्मेनियम असलेल्या चांदीवर हे डाग पडत नाहीत आणि ती लवकर काळवंडतही नाही. असा मिश्रधातू तयार स्वरूपात मिळतो, तो घरी बनवण्याच्या फंदात पडू नये.

९२५ चांदीही उष्णतेने कडक करता येते. मऊ अवस्थेत ७० च्या आत असलेला तिचा आकडा, ७५० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवून, पाण्यात विझवून, मग ३०० अंशांना तासभर ठेवल्यास १२० च्या आसपास जातो. धोका असा की चांदी-तांब्याचे मिश्रण ७७९ अंशांना वितळू लागते, म्हणजे हातात जेमतेम ३० अंशांचे अंतर उरते, आणि बहुतेक झाळी तर ७५० च्या आतच वितळतात. त्यामुळे झाळलेल्या दागिन्याला हा उपचार देऊ नये. ओतलेल्या सलग दागिन्याला, आणि तोही तापमान नेमके राखणारी विजेची भट्टी असेल तरच, तो द्यावा.

२४ कॅरेट आणि प्लॅटिनम

सोन्यात अवघे एक टक्का टायटॅनियम घालून ९९० शुद्धतेचे कडक सोने १९८० च्या दशकात तयार झाले. ८०० अंशांना तापवून विझवले आणि ५०० अंशांना तासभर ठेवले की ते १७० च्या पुढे कडक होते. पण टायटॅनियम हवेत लगेच जळते, त्यामुळे ते निर्वात किंवा आर्गॉन वायूच्या भट्टीतच आटवावे लागते, आणि साध्या फुंकणीवर पुन्हा आटवले की तो गुण निघून जातो. छोट्या कारखान्याने या मार्गाला जाऊ नये.

प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळते, म्हणून ते वेगळ्या सामग्रीचे काम आहे. ९५० प्लॅटिनममध्ये ५० भाग रुथेनियम किंवा कोबाल्ट घातल्यास कडकपणा १३० च्या आसपास मिळतो. कोबाल्टचे मिश्रण ओतकामाला आणि रुथेनियमचे यंत्रावर कापण्याच्या कामाला चांगले. त्यासाठी ग्रॅफाइटची मूस वापरू नये, कारण कार्बनने प्लॅटिनम ठिसूळ होते.

माल काढण्यापूर्वी नमुना

नवे मिश्रण मोठ्या प्रमाणात आटवण्यापूर्वी पाच ग्रॅमचा नमुना काढावा. त्याची एक मिलिमीटरची तार ओढून ताव द्यावा, थंड झाल्यावर पकडीत धरून काटकोनात वाकवावी, पुन्हा सरळ करावी आणि ती किती वळणांत तुटते ते मोजून वहीत लिहावे. त्याच पानावर हिणाची वजने, तावाचे तापमान आणि विझवले की निवू दिले, याची नोंद करावी. तुटलेले टोक भिंगाखाली पाहावे. ते निमुळते होऊन तुटले असेल तर मिश्रण वापरावे, आणि खडीसाखरेसारखे सपाट दाणेदार तुटले असेल तर मोठी आटणी थांबवून तांब्याचा स्रोत तपासावा. नमुन्याचा दुसरा अर्धा भाग टंचासाठी पाठवावा. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अंकाक्षरांची स्वतंत्र ओळख असते, त्यामुळे कसात चूक झाली तर ती थेट त्या दागिन्यापर्यंत आणि तेथून आपल्या कारखान्यापर्यंत येते. टंचाचा निकाल हातात आल्यावर त्याच वहीतील वजनांनी पुढची आटणी करावी, आणि तांब्याचा नवा गोळा आणला की नमुना पुन्हा काढावा.